माघारीची वाट आधी बघून ठेवावी लागते

वाचकांचे प्रश्न, निवृत्त सुभेदारांची उत्तरं

मागच्या अंकात बर्फातल्या चौकीवर जवान दिवस कसा काढतात ते लिहिलं होतं. त्यावर मिरज, कोरेगाव, कडेगाव आणि पाटणहून पत्रं आली. चौघांचेही प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात: थंडीच्या मोहिमेत फौज मागे येते कशी आणि पुन्हा उभी राहते कशी. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न: सुभेदार काका, नमस्कार. मी मिरजेत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. पुस्तकात 'सैन्याने माघार घेऊन पुन्हा जमवाजमव केली' एवढी एक ओळ असते आणि लगेच पुढची लढाई सुरू होते. त्या एका ओळीत नक्की काय घडतं? हिवाळ्यामुळे काय फरक पडतो? माझा भाऊ म्हणतो, माघार म्हणजे पळ काढणंच.

उत्तर: पोरी, भावाला आधी विचार, पळणाऱ्या माणसाने जखमी सोबत्याला खांद्यावर घेतलेलं त्याने कधी पाहिलंय का.

हुकूम येण्याआधीच पुढचा मुक्काम ठरलेला असावा लागतो. पाणी कुठे, आडोसा कुठे, तोफा कुठे लागतील, कोणती कंपनी कुठे बसेल. दिवसाउजेडी प्रत्येक कंपनीचा एकेक माणूस जागा बघून येतो आणि रात्री तोच वाटेवर उभा राहून आपल्या लोकांना जागेपर्यंत नेतो. आधी जखमी निघतात, मग जड सामान. तोफा निम्म्या-निम्म्या उठतात. निम्म्या हलत असताना उरलेल्यांनी मारा चालू ठेवायचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या टेकड्या आपल्या ताब्यात आल्याशिवाय खालची गाडी हलवायची नाही. सगळ्यात शेवटी पिछाडीची तुकडी. ठरलेली वेळ होईपर्यंत तिला जागा सोडता येत नाही, समोर कितीही येवोत. आणि प्रत्येक थांब्यावर गिनती. अंधारात तोंडातून शब्द न काढता पुढच्याच्या खांद्यावर थाप पडते आणि आकडा मागून पुढे सरकत येतो. आकडा जुळला नाही तर कोणी हलायचं नाही.

हिवाळ्यात याच सगळ्याला दुप्पट वेळ लागतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलं की आपल्याकडे पेपरात फोटो येतात. शून्याखाली पंचवीस अंश ही गोष्टच वेगळी. माणूस चालला की त्याला घाम येतो आणि थांबला की तोच घाम अंगावर गोठतो. म्हणून निघताना एक कपडा कमी करायचा, थोडं कुडकुडतच निघायचं, आणि थांबल्याबरोबर तो परत चढवायचा. बंदुकीला तेल जास्त झालं तर थंडीने ते घट्ट होतं आणि ऐन वेळी बंदूक अडते. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरायला लागतं आणि उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं. स्ट्रेचरवरच्या जखमीला हातपाय हलवता येत नाहीत, त्यामुळे धडधाकट माणसाच्या कितीतरी आधी त्याचं अंग गार पडतं. त्याला रस्त्यात थांबवून ठेवणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

तुला अभ्यासाला एकच उदाहरण घ्यायचं असेल तर कोरियातल्या चोसिन जलाशयाचं घे. कोरियाच्या युद्धात, नोव्हेंबर १९५० मध्ये अमेरिकेची पहिली मरीन डिव्हिजन उत्तर कोरियाच्या डोंगरात, एकाच अरुंद रस्त्याने चीनच्या सरहद्दीकडे चालली होती. वरून सारखा तगादा होता, लवकर पुढे जा. डिव्हिजनचे कमांडर मेजर जनरल ऑलिव्हर स्मिथ मात्र मुद्दाम सावकाश गेले. वाटेत हागारू-री आणि कोटो-री इथे त्यांनी दारूगोळा आणि शिधा साठवला. हागारूला तर गोठलेल्या जमिनीवर, रात्री दिवे लावून, बुलडोझरने धावपट्टी खणायला घेतली. पुढे जाणाऱ्या फौजेने मागे विमानं उतरवायची सोय करावी, हे तेव्हा अनेकांना पटलं नव्हतं. २७ नोव्हेंबरच्या रात्री चिनी फौजेने डोंगरातून उतरून चहूबाजूंनी वेढा घातला. त्यानंतर त्याच अर्धवट धावपट्टीवरून चार हजारांहून जास्त जखमी आणि हिमदंश झालेले सैनिक विमानाने बाहेर काढले गेले, आणि परतीच्या विमानांतून ताजे जवान आत आले.

तोकटोंग खिंड एका कंपनीने पाच रात्री धरून ठेवली, म्हणून पलीकडच्या दोन रेजिमेंटना परतायला वाट राहिली. औषधं गोठत होती. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या नळ्या टोचण्याआधी पातळ राहाव्यात म्हणून वैद्यकीय सेवक त्या तोंडात धरून फिरत. पुढे फुंचिलिन घाटात चिन्यांनी पूल उडवला होता, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. तेव्हा पुलाचे लोखंडी भाग विमानातून पॅराशूटने टाकले. आठ टाकले, त्यातले काही वाया गेले, उरलेल्यांवर पूल जोडला आणि गाड्या, तोफा, माणसं पार झाली. हंगनाम बंदरातून २४ डिसेंबरपर्यंत एक लाखावर सैनिक जहाजांवर चढले, आणि नव्वद हजारांच्या आसपास सामान्य कोरियन माणसंही. ती मरीन डिव्हिजन दक्षिणेत मसानजवळ तळ ठोकून बसली. माणसं भरली, बूट बदलले, पोटभर जेवली, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये पुन्हा लढाईत उतरली. पाठलाग करणारी चिनी नववी आर्मी मात्र कॅनव्हासच्या बुटांत आणि अपुऱ्या कपड्यांत आली होती. तिचे हजारो सैनिक गारठून गेले आणि पुढचे कित्येक महिने ती लढायच्या अवस्थेत नव्हती. तलावाच्या पूर्व अंगाला अमेरिकेचीच दुसरी एक तुकडी होती. तिच्याकडे ना रस्त्याकडेच्या टेकड्या होत्या, ना पुरेसा दारूगोळा. जखमींनी भरलेल्या ट्रकांसकट ती वाटेतच संपली. थंडी तीच, शत्रूही तोच. फरक फक्त आधीच्या तयारीचा होता.

त्याच डिसेंबरात, कोरियाच्या पश्चिम बाजूला प्योंगयांगहून फौजा मागे येत होत्या, तिथे आपली ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स, म्हणजे फौजेसोबतचा फिरता दवाखाना होता, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. गाड्या नाहीत, सामान टाकून या, असं त्यांना सांगितलं गेलं. दवाखान्याचं सामान टाकलं तर पुढे जखमींना काय तोंड दाखवायचं? त्यांनी एक वाफेचं इंजिन आणि डबे शोधले, बादल्यांनी पाणी ओतून बॉयलर भरला, सगळं सामान चढवलं आणि आपल्याच माणसांनी गाडी हाकत नदीपार आणली. फेरजमवाजमव म्हणतात ती अशी असते. पुढे जाऊन काम करायला हातात काहीतरी उरलेलं असावं लागतं.

नेपोलियनची १८१२ सालची माघार तुमच्या अभ्यासाला असेलच. १९ ऑक्टोबरला तो मॉस्कोतून निघाला आणि ज्या रस्त्याने येताना सगळं उजाड केलं होतं त्याच रस्त्याने परतावं लागलं. स्मोलेन्स्कला कोठार होतं, पण पहिले पोचलेल्यांनी ते लुटलं आणि मागच्यांना काही उरलं नाही. घोड्यांना बर्फावर पकड घेणारे नाल नव्हते, म्हणून घोडे घसरून पडायचे आणि तोफा तिथेच राहायच्या. त्या सगळ्या गोंधळात मला एकाच माणसापुढे हात जोडावेसे वाटतात, तो म्हणजे पूल बांधणाऱ्यांचा जनरल एब्ले. पुलाचं जड सामान जाळायचा हुकूम झाला तेव्हाही त्याने लोहाराच्या भट्ट्या, कोळसा आणि हत्यारांच्या गाड्या वाचवल्या. २६ नोव्हेंबरला बेरेझिना नदीवर त्याची माणसं बर्फाच्या पाण्यात छातीपर्यंत उभी राहिली आणि दोन पूल उभे केले. त्यातले फारच थोडे घरी गेले. त्यांच्यामुळे उरलेली फौज पार झाली.

आणि पानिपत आपल्या घरचंच. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांची फौज गोल बांधून, बायकामुलं आत घेऊन, दिल्लीकडे सरकण्याच्या बेताने निघाली होती. रसद तुटून जनावरं मेलेली, माणसं उपाशी. गोल टिकला नाही आणि मागे गाठायला जवळ तयार ठाणं नव्हतं. पायाला जखम घेऊन निसटलेल्या महादजी शिंद्यांनी पुन्हा दिल्लीत जरब बसवायला दहा वर्षं लागली. भावाला तीही जमवाजमव सांग.

प्रश्न: सप्रेम जय हिंद. मी कोरेगाव तालुक्यातला निवृत्त शिक्षक. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून 'बसऱ्याला' गेले ते आलेच नाहीत. कूतच्या वेढ्यात होते एवढंच घरात सांगतात. बगदादच्या तोंडाशी गेलेली फौज मागे का फिरली, आणि फिरली तर कूतला का अडकली?

उत्तर: गुरुजी, हा प्रश्न साताऱ्यातल्या कितीतरी घरांचा आहे. अपशिंगे मिलिटरी या एका गावातलेच ४६ जण त्या महायुद्धात कामी आले. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी पूना डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने वर गेली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादजवळ टेसिफोनला मोठी लढाई झाली. तुर्कांचे पहिले खंदक घेतले, पण साडेचार हजारांच्या आसपास माणसं पडली किंवा जखमी झाली. मागून ना ताज्या पलटणी, ना पुरेशा बोटी. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून, खाचखळग्यांतून नदीपर्यंत नेलं. हाडं मोडलेला माणूस त्या गाडीत काय भोगला असेल, हे मला वाचवत नाही. या हलगर्जीपणाची पुढे विलायतेत चौकशी झाली आणि १९१७ मध्ये अहवाल निघाला.

२५ नोव्हेंबरला माघार सुरू झाली. १ डिसेंबरला उम्म-अत-तुबूलला रात्री तुर्क अगदी जवळ येऊन मुक्कामाला पडले. पहाटे आपल्या लोकांनीच त्यांच्यावर तोफा डागल्या, त्यांना गोंधळात टाकलं आणि निघून आले. थकलेल्या फौजेने केलेलं ते काम अव्वल होतं. रात्रीचा गारठा, पाण्याचा तुटवडा, तरीही ३ डिसेंबरला डिव्हिजन सलग, हत्यारांसह कूतला पोचली.

इथपर्यंत सगळं ठीक. घोटाळा मुक्कामाच्या जागेत झाला. कूत हे नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्यात. माणसं दमलेली होती, गावात धान्य होतं, मदत लवकर येईल असा भरवसा होता, म्हणून टाउनशेंड थांबला. पण तीन बाजूंना नदी असलेल्या जागेची चौथी बाजू शत्रूने बंद केली की आतला माणूस कोंडला जातो. ७ डिसेंबरला वेढा पक्का झाला. सोडवायला आलेल्या फौजा घाईने, तुकड्यातुकड्यांनी, जानेवारीच्या पावसाचिखलात पुढे ढकलल्या गेल्या. शेख साद, वादी, हन्ना, पुढे दुजैला आणि सन्नैयात. आतल्यांना सोडवताना बाहेर २३ हजारांच्या आसपास माणसं कामी आली किंवा जखमी झाली. आत घोडे कापून खायची वेळ आली. धर्मामुळे ते मांस न खाणारे जवान आधी खचले, स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या रोगाने गेले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार लोक शरण गेले. त्यानंतरची बगदाद, मोसुल ते रास-अल-ऐन ही वाळवंटातली पायपीट आणि तिथली रेल्वेची बिगारी, यात हजारो हिंदी शिपाई मेले. तुमचे पणजोबा बहुधा याच वाटेवर राहिले.

त्याच डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या गॅलिपोलीहून ब्रिटिश बाजूची ऐंशी हजारांवर माणसं तुर्कांच्या नाकाखालून समुद्रमार्गे निघून गेली. खेचरं हाकणारे आपले हिंदी जवानही त्यांत होते. नोव्हेंबरअखेरच्या हिमवादळाने तिथे हजारोंचे पाय गोठले होते, त्यामुळे थांबणं अशक्य होतं. जाताना बुटांना गोणपाट बांधलं. खंदकात बंदुका ठेवल्या, चापाला रिकामा डबा टांगला आणि वरच्या भोक पाडलेल्या डब्यातून त्यात पाणी ठिबकत ठेवलं. डबा भरला की वजनाने चाप ओढला जायचा. माणसं बोटीत, आणि मागे गोळीबार चालूच. प्रत्येक दिवशी किती जण जाणार, शेवटी कोण उरणार, सगळं कागदावर होतं. कूतला असा कागद कोणी केलाच नाही.

तुमच्या प्रश्नाचा एक भाग अजून राहतो. कूतनंतर जनरल मॉड आला. त्याने लगेच हल्ला केला नाही. १९१६ च्या उरलेल्या महिन्यांत त्याने आगगाडीचे रूळ टाकले, नदीच्या बोटी वाढवल्या, दवाखाने उभारले, आजारी माणसं बरी होऊ दिली. १३ डिसेंबर १९१६ ला, पुन्हा थंडीतच, तो निघाला. फेब्रुवारीत कूत परत घेतलं, ११ मार्च १९१७ ला बगदाद. हेच वर्षभर आधी केलं असतं तर तुमच्या पणजोबांनी घर बघितलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

त्यांचं नाव शोधायचं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत पलटणीचा क्रमांक, गावाचं आणि वडिलांचं नाव घालून बघा. इंग्रजी स्पेलिंग वाटेल तसं केलेलं असतं, त्यामुळे तीन-चार तऱ्हांनी शोधा. सोबत साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

प्रश्न: कडेगाव तालुक्यातून लिहितो. आमच्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव १९६२ ला संरक्षणमंत्री झाले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे लहानपणापासून ऐकतोय. पण त्याआधी सेला खिंड का सोडली?

उत्तर: दादा, सेला म्हणजे आजच्या अरुणाचलातली खिंड, सुमारे १३,७०० फुटांवर. ब्रिगेडियर होशियार सिंह यांची ६२ ब्रिगेड तिथे होती, जागा मजबूत होती. १७ नोव्हेंबरला पुढे नुरानांगला गढवाल रायफल्सच्या चौथ्या बटालियनने चिन्यांचे हल्ले एकामागून एक परतवले. पण चिनी दुसऱ्या डोंगरवाटेने वळसा घालून दिरांग आणि बोमदिलाच्या मधल्या रस्त्यावर येऊन बसले. मागचा रस्ता तुटल्याची धास्ती वरच्यांनी घेतली आणि त्याच रात्री सेला सोडायचं ठरलं.

दिवसा बघितलेली वाट नाही, पुढचा मुक्काम पक्का नाही, पिछाडीला कोण हे ठरलेलं नाही, आणि रात्र नोव्हेंबरची. शिवाय ज्या बोमदिलाकडे जायचं ते स्वतःच १९ तारखेपर्यंत हातचं गेलं. डिव्हिजनचं मुख्यालय १८ ला सकाळी दिरांगहून निघून गेलं. मग पलटणी विस्कटल्या. माणसं जंगलातून, भूतानमधून, सुती कपड्यांत आसामच्या सपाटीवर उतरली. होशियार सिंह काही दिवसांनी वाटेत घेरले जाऊन धारातीर्थी पडले. जवान कमी पडले असं कोणी म्हणालं तर मला सहन होत नाही. नुरानांग त्याच दिवशीचं आहे, आणि लडाखमधल्या रेझांग ला खिंडीतली झुंज दुसऱ्या दिवशीची.

यशवंतरावांनी २१ नोव्हेंबरला सूत्रं घेतली, त्याच दिवशी चीनने लढाई थांबवल्याचं जाहीर केलं होतं. चौकशी झाली, आणि २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी लोकसभेत प्रशिक्षण, साधनं आणि उंचीची सवय नसताना वर धाडलेल्या पलटणी यांबद्दल निवेदन केलं. पुढे पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या. मी भरती झालो तेव्हा मला वर जाण्याआधी टप्प्याटप्प्याने थांबवलं, लोकरी मोजे आणि बर्फाचे बूट हातात दिले. ते मला आयतं मिळालं. त्यासाठी १९६२ च्या मुलांनी काय मोजलं ते मी पोस्टवर नव्या पोरांना नेहमी सांगत असे.

प्रश्न: पाटणहून. माझा धाकटा भाऊ लडाखला आहे. पायाची बोटं बधिर होतात म्हणतो. शेकावीत की बर्फाने चोळावीत?

उत्तर: दोन्ही नाही. बर्फाने चोळायचा सल्ला नेपोलियनचा सर्जन लारे याच्या काळातला. मॉस्कोहून येताना शेकोटीला पाय लावणाऱ्यांचे पाय सडताना त्याने पाहिले, ते त्याचं निरीक्षण बरोबर होतं. पण चोळण्याने गोठलेली कातडी आतून फाटते. शेकोटीला बधिर पाय भाजतो आणि कळतही नाही. योग्य उपाय म्हणजे कोमट पाणी, ३७ ते ३९ अंश, आणि तेही पुन्हा थंडीत चालावं लागणार नाही अशा जागी पोचल्यावरच. वितळलेला पाय पुन्हा गोठला तर तो जातो. म्हणून माघारीच्या वाटेवर असलेल्या जवानाला डॉक्टर कधीकधी गोठलेल्या पायानेच चालवतात, ऊब पुढच्या ठाण्यावर देतात. ऐकायला निर्दय वाटतं, पण पाय त्यानेच वाचतो.

भावाला एवढं कळवा: बधिरपणा लपवू नकोस, त्याच दिवशी नर्सिंग असिस्टंटला दाखव. बूट घट्ट नको, आत बोटं हलली पाहिजेत. मोज्यांचा एक जादा जोड सदऱ्याच्या आत पोटाशी ठेव, ओला जोड तिथेच सुकतो. आणि जोडीदाराचे पाय तू बघ, तुझे त्याला बघायला सांग.